डाऊन सिंड्रोमचं निदान झालं आणि बाळ ठेवायचं ठरलं: पुढची कामं कोणत्या क्रमाने करायची

"आम्ही बाळ ठेवतोय" असं डॉक्टरांना सांगून घरी आलेली कितीतरी कुटुंबं त्यानंतर एकच चूक करतात: तपासण्या बंद करतात. ठेवायचंच आहे, मग परत सोनोग्राफी कशाला, इको (हृदयाची सोनोग्राफी) कशाला, उगाच खर्च आणि पुन्हा एखादी वाईट बातमी, असा तो हिशोब असतो. या हिशोबापायी हृदयात मोठा दोष असलेलं बाळ तालुक्याच्या छोट्या प्रसूतिगृहात जन्मतं आणि रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्सची शोधाशोध सुरू होते. बाळंतपण कुठे करायचं, जन्मावेळी कोण डॉक्टर हजर हवेत, पहिल्या दिवशी तोंडाने दूध द्यायचं की नाही, हे सगळं निदानानंतरच्या तपासण्यांवर ठरतं.

निर्णय कोणता घ्यावा याची चर्चा या लेखात नाही. ज्यांचा निर्णय झाला आहे किंवा होत आला आहे त्यांच्यासाठी, नाशिक शहर आणि जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. तुमचे डॉक्टर तुमचे रिपोर्ट पाहून बोलतात, म्हणून त्यांचं म्हणणं आधी. त्यांना काय विचारायचं आणि केव्हा, ते इथे वाचा.

## आधीची तयारी: एक फाईल, एक वही, एक माणूस

सगळे मूळ रिपोर्ट तारखेच्या क्रमाने एका फाईलमध्ये लावा आणि प्रत्येकाचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. फाईलच्या पहिल्या पानावर चार ओळी मोठ्या अक्षरांत लिहा: पाळीची शेवटची तारीख, बाळंतपणाची अंदाजे तारीख, आईचा रक्तगट, आणि निदान कोणत्या तपासणीने झालं. रात्रपाळीचे डॉक्टर सगळी फाईल वाचत बसत नाहीत, पहिलं पान वाचतात.

वहीत प्रश्न लिहून न्या आणि उत्तरं तिथेच उतरवून घ्या. धक्क्यात ऐकलेलं घरी येईपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.

प्रत्येक भेटीला सोबत एकच ठरलेला माणूस असू द्या. नवरा, आई, बहीण, कोणीही चालेल. एकदा सासूबाई, एकदा दीर, एकदा मावशी असं झालं की घरात तीन वेगवेगळ्या बातम्या पोहोचतात.

## टप्पा १: निदान पक्कं आहे का ते बघा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. डबल मार्कर आणि क्वाड्रपल मार्कर (आईच्या रक्ताच्या तपासण्या) आणि एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) या चाळणी तपासण्या आहेत, म्हणजे त्या फक्त धोक्याचा अंदाज देतात. रिपोर्टवर 'हाय रिस्क १:१२०' असं छापलेलं असेल तर त्याचा अर्थ असा, की असाच आकडा आलेल्या १२० गरोदर बायकांपैकी साधारण एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि ११९ जणींच्या बाळांना नसेल. हे निदान झालं असं समजून रडत बसलेली घरं आहेत आणि फक्त तेवढ्यावर गर्भपाताचा विचार करणारीही आहेत.

आईच्या रक्तावरून होणारी एनआयपीटी ही दहाव्या आठवड्यापासून करता येते आणि ती मार्करपेक्षा खूपच नेमकी आहे. तरीही ती चाळणीच आहे, कारण त्यात तपासला जाणारा डीएनए वारेतून आलेला असतो. खात्रीचं निदान दोनच मार्गांनी होतं: साधारण ११ ते १४ आठवड्यांदरम्यान वारेचा तुकडा घेऊन, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल काढून, ज्याला आपल्याकडे सरसकट 'पाण्याची टेस्ट' म्हणतात. त्यातला प्राथमिक रिपोर्ट काही दिवसांत येतो. गुणसूत्रांचा पूर्ण नकाशा म्हणजे कॅरिओटाइप यायला दोन-तीन आठवडे लागतात.

"ठेवायचंच आहे तर पोटात सुई कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. त्या तपासणीत गर्भपाताचा धोका थोडा असतो, पण असतो. काही जण एनआयपीटीवर थांबतात, जन्म होईपर्यंत पुढचं सगळं 'डाऊन सिंड्रोम आहे' असं धरून आखतात आणि बाळाच्या रक्तावरून जन्मानंतर खात्री करून घेतात. वैद्यकीयदृष्ट्या हा मार्ग मान्य आहे. मात्र तोच घेतोय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे इको आणि पुढच्या सोनोग्राफ्या चुकणार नाहीत.

तपासा: आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर पाण्याच्या टेस्टनंतर अँटी-डी इंजेक्शन लागतं का, हे त्याच दिवशी विचारा.

सावधान: कॅरिओटाइपच्या रिपोर्टमध्ये लिंग दाखवणारी गुणसूत्रं मुद्दाम झाकलेली असतात. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानुसार ती सांगणं गुन्हा आहे. कोणालाही विचारू नका.

## टप्पा २: निर्णय फाईलवर लिहून घ्या

कायदा थोडक्यात असा: सज्ञान स्त्रीचा गर्भपात तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय करता येत नाही. नवऱ्याची, सासऱ्यांची किंवा डॉक्टरांची इच्छा इथे पुरत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने आणि त्यानंतर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात होऊ शकतो. ज्यांचं मन अजून डळमळीत आहे त्यांनी ही मुदत लक्षात ठेवावी. ज्यांचं ठरलं आहे त्यांना "अजून वेळ आहे, विचार करा" असं कोणी दर भेटीला ऐकवण्याची गरज नाही.

म्हणून प्रसूतितज्ज्ञांना सांगा, "डॉक्टर, आमचा निर्णय झालाय. केस पेपरवर तसं लिहा. आता बाळंतपणाचं आणि बाळाच्या उपचारांचं नियोजन करू." ती ओळ लिहिली गेली की पुढच्या भेटी त्या दिशेने जातात. लिहिली नसेल तर प्रत्येक नवीन डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो आणि आईला तेच तेच पुन्हा सांगावं लागतं.

तुमचे डॉक्टर यासाठी तयार नसतील तर डॉक्टर बदला, पण लवकर बदला. सातव्या महिन्यात बदलण्यापेक्षा पाचव्यात बदललेलं बरं.

## टप्पा ३: रिपोर्टमधला प्रकार वाचून घ्या

डाऊन सिंड्रोम असलेल्या शंभरातल्या साधारण ९५ बाळांत २१ वं गुणसूत्र सुटं आणि तिसरं आलेलं असतं. रिपोर्टवर ४७ आणि +२१ असं दिसतं. तीन-चार जणांत ते जादा गुणसूत्र दुसऱ्या एखाद्याला चिकटलेलं असतं, त्याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. उरलेल्या थोड्यांत काही पेशींत जादा गुणसूत्र असतं आणि काहींत नसतं, तो मोझेइक प्रकार.

या बाळाच्या उपचारांत प्रकाराने फारसा फरक पडत नाही, पुढच्या गरोदरपणात पडतो. ट्रान्सलोकेशन असेल तर आईवडील दोघांचाही कॅरिओटाइप करून घ्या. त्यांच्यापैकी कोणी वाहक असेल तर पुढच्या बाळातला धोका बराच वेगळा निघतो आणि आत्या-काका, मावशी-मामा यांनीही तपासून घेणं शहाणपणाचं ठरतं. जनुकीय समुपदेशनासाठी मुंबईला जावं लागलं तर एकदा जाऊन या, ही भेट फुकट जात नाही.

ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, गाडीवर बसली, लग्न उशिरा झालं, अशी यादी घरात निघतेच. वय वाढलं तसा धोका वाढतो हे खरं आहे, पण पंचविशीतल्या आयांनाही अशी बाळं होतात. पेशी विभागताना गुणसूत्रांची एक जोडी वेगळी झाली नाही, इतकंच घडलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते गर्भ राहण्याच्याही आधी घडतं. आईने काही केलं किंवा केलं नाही म्हणून हे झालेलं नाही. हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून सासूबाईंसमोर बोललं जाईल अशी एक भेट मुद्दाम ठरवा.

## टप्पा ४: बाळाच्या हृदयाची तपासणी, १८ ते २४ आठवडे

सगळ्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. डाऊन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांत हृदयाचा जन्मजात दोष असतो. नेहमीची ॲनॉमली स्कॅन (पाचव्या महिन्यातली सगळ्या अवयवांची सोनोग्राफी) आणि फीटल इको (पोटातल्या बाळाच्या फक्त हृदयाची सोनोग्राफी) या वेगळ्या तपासण्या आहेत. "सोनोग्राफीत हृदय नॉर्मल सांगितलंय" म्हणून इको टाळू नका. फीटल मेडिसिनच्या (गर्भातल्या बाळाच्या आजारांच्या) तज्ज्ञांकडून किंवा बालहृदयरोगतज्ज्ञांकडून वेगळी वेळ घेऊन ती करून घ्या.

या मुलांत खास करून दिसणारा दोष हृदयाच्या अगदी मधोमध असतो. चारही कप्पे जिथे एकत्र येतात तिथली भिंत अपुरी राहते आणि दोन वेगळ्या झडपांऐवजी एकच मोठी झडप तयार होते. पोटात असताना बाळाला त्याचा त्रास होत नाही, कारण प्राणवायू वारेतून मिळत असतो आणि फुप्फुसांचं काम सुरूच झालेलं नसतं. त्यामुळे "बाळ पोटात छान फिरतंय, म्हणजे हृदय चांगलं" हा तर्क चुकीचा आहे. जन्मल्यावरही पहिले काही दिवस असं बाळ गुलाबी आणि शांत दिसू शकतं.

इकोच्या दिवशी विचारायचे प्रश्न वहीत असू द्या. दोष आहे का, असल्यास नाव काय. जन्मल्याबरोबर काही करावं लागेल की काही महिने थांबता येईल. शस्त्रक्रिया लागणार असेल तर साधारण कोणत्या वयात. बाळंतपण नाशिकला चालेल की बालहृदयशस्त्रक्रिया होते त्याच शहरात व्हायला हवं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या, कारण पुढचा टप्पा त्यावरच उभा आहे.

वर सांगितलेल्या दोषाची शस्त्रक्रिया सहसा तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते. "बाळ जरा मोठं होऊ दे, अंग धरू दे" म्हणून ती पुढे ढकलणं धोक्याचं आहे. या मुलांच्या फुप्फुसांतला रक्तदाब लवकर वाढतो. तो एका हद्दीपलीकडे गेला की शस्त्रक्रियाच करता येत नाही.

पैशांची चौकशी आत्ताच करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना दोन गोष्टी विचारा: लहान बाळाची हृदयशस्त्रक्रिया इथे होते का, आणि बाळाचं नाव रेशनकार्डावर नसताना कोणते कागद चालतात. कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स असेल (अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पुष्कळांचा असतो) तर बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर होतं का आणि नाव किती दिवसांत नोंदवावं लागतं, ते एचआरकडून ईमेलवर घ्या.

थांबा: त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करून घ्या, असं कोणी ना कोणी सुचवेलच. मनाला आधार वाटत असेल तर करा. पण तो विधी तीन दिवसांचा असतो, तेव्हा इकोची तारीख आधी पक्की करा आणि विधी तिच्या मागेपुढे बसवा. गुणसूत्र बदलण्याचं औषध, पुडी किंवा लेप देतो म्हणणाऱ्यांकडे मात्र अजिबात जाऊ नका. गर्भात त्या औषधांनी काय होईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

## टप्पा ५: बाळंतपण कुठे

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. माहेर येवल्याला, सटाण्याला नाहीतर नंदुरबारला असेल आणि तिथल्या रुग्णालयात नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग नसेल, तर या वेळी तो रिवाज बाजूला ठेवा. आईलाच नाशिकला बोलवा. माहेरपण म्हणजे आईच्या हातचं जेवण आणि आईचा सहवास, ते कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्येही होतं. हे सातव्या महिन्यात डोहाळेजेवणाच्या गडबडीत ठरवू नका, त्याआधी ठरवा.

रुग्णालय निवडताना आत जाऊन बघा आणि विचारा: एनआयसीयू (नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग) त्याच इमारतीत आहे का, रात्री बालरोगतज्ज्ञ हजर असतात की फोनवर येतात, बाळाचा टू-डी इको तिथेच होतो का, नवजात बाळाची शस्त्रक्रिया करणारे सर्जन बोलावता येतात का. 'सगळी सोय आहे' या उत्तरावर समाधान मानू नका, एकेक विचारा.

सरकारी व्यवस्थेत त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हा पर्याय आहे. आजारी नवजात बाळांसाठी तिथे वेगळा कक्ष आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन आणि आजारी बाळाचे उपचार मोफत असतात. आडगावचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालयही जाऊन बघण्यासारखं आहे.

इकोत गंभीर दोष निघाला आणि मुंबईचा सल्ला मिळाला, तर कळा सुरू झाल्यावर निघायचं हा बेत मुळीच नको. नाशिक ते मुंबई सुमारे १७० किलोमीटर आणि मध्ये कसाऱ्याचा घाट. पावसाळ्यात घाटात गाडी अडकली तर अडकली. ३६-३७ आठवड्यांनाच मुंबईत नातेवाइकांकडे जाऊन राहा. त्याआधीच्या तपासण्यांना पंचवटी एक्स्प्रेस सोयीची आहे, दादरला उतरलं की परळची रुग्णालयं जवळ पडतात. लहान मुलांचं वाडिया रुग्णालयही तिथेच आहे.

नाशिकला राहणाऱ्यांनीही रस्ता एकदा डोळ्यांखालून घालावा. प्रसूतीची तारीख २०२७ च्या सिंहस्थ पर्वण्यांच्या आसपास असेल तर पंचवटी, रामकुंड भागातली वाहतूक वळवलेली असणार. दुसरा रस्ता आधीच ठरवून ठेवा. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

तपासा: ३२ आठवड्यांच्या आत प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ या दोघांशी एकत्र एक भेट झालेली हवी. बालरोगतज्ज्ञांना बाळाबद्दल पहिल्यांदा प्रसूतिकक्षात कळणं ही टाळता येण्यासारखी चूक आहे.

## टप्पा ६: शेवटचे तीन महिने

या बाळांची वाढ पोटात मंदावू शकते आणि पोटातच बाळ दगावण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ऐकायला कठीण आहे, पण म्हणूनच तिसऱ्या तिमाहीत दर दोन ते चार आठवड्यांनी वाढीची सोनोग्राफी आणि डॉपलर (नाळेतला रक्तप्रवाह बघणारी तपासणी) लागतं. किती दिवसांनी, ते डॉक्टर ठरवतील. तारीख चुकवू नका.

दुसरी गोष्ट आतड्यांची. काही बाळांत जठरानंतरचा आतड्याचा भाग बंद असतो. तो पाचव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही, पुढे दिसतो: सोनोग्राफीत पोटात दोन काळे फुगे दिसतात आणि गर्भाशयातलं पाणी वाढतं. पाणी फार वाढलं तर कळा लवकर सुरू होतात. पोट अचानक ताणल्यासारखं वाटलं, श्वास लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.

रोज ठरावीक वेळी, जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा बाळ शांत वाटलं, तर त्याच वेळी रुग्णालयात जा. "गोड खाऊन बघ, सकाळी बघू" असं म्हणत रात्र काढू नका.

केवळ डाऊन सिंड्रोम आहे म्हणून सिझेरियन लागत नाही. साधी प्रसूती होऊ शकते. वाढ खुंटली, हृदयाचे ठोके बिघडले किंवा बाळ आडवं असलं, तर त्या कारणासाठी सिझेरियन होतं, जसं कोणत्याही बाळंतपणात.

## टप्पा ७: कोणाला सांगायचं

आधी दोन्हीकडच्या आजी-आजोबांना सांगा आणि आईवडील दोघांनी मिळून सांगा. अर्ध्या माहितीवर बोलू नका. इकोचा रिपोर्ट हातात आल्यावर सांगितलं की पुढच्या प्रश्नांना उत्तर देता येतं. वाक्य साधं ठेवा: "बाळाला डाऊन सिंड्रोम आहे. त्याला शिकायला जास्त वेळ लागेल. तपासण्या चालू आहेत. आम्हाला तुमची मदत अमुक गोष्टीत हवी आहे." मदत नेमकी सांगितली, म्हणजे मोठ्या लेकराला शाळेतून आणायचं, मंगळवारी डबा करायचा, की माणसं सल्ले देण्याऐवजी कामाला लागतात.

नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाकू नका. शेजारीपाजारी, दूरचे नातेवाईक यांना कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हा अधिकार आईचा. गावाकडे असाल तर आशाताईंना मात्र सांगून ठेवा. त्या घरी येतात, वजन बघतात, आणि सरकारी यंत्रणेशी तुमची गाठ तिथूनच पडते.

आईला झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, बाळाचा विचारच नकोसा होत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं.

## टप्पा ८: जन्म आणि पहिले तीन दिवस

बाळाला आईच्या छातीवर ठेवता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. बाळाची तब्येत ठीक असेल तर हो. डाऊन सिंड्रोम आहे एवढ्याच कारणाने पेटीत ठेवायची गरज नसते.

या तीन दिवसांत एवढं झालं का, ते यादी करून बघा:

१. बाळाचा टू-डी इको. गर्भातला इको नॉर्मल असला तरी हा हवा. लगेच झाला नाही तर पहिल्या महिन्याच्या आत.
२. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. काही बाळांत पांढऱ्या पेशी तात्पुरत्या बेसुमार वाढतात, त्यावर लक्ष ठेवावं लागतं.
३. थायरॉईडची टीएसएच तपासणी. ती पुढे सहा महिन्यांना, वर्षाला आणि नंतर दरवर्षी.
४. ऐकण्याची चाचणी आणि डोळ्यांत मोतीबिंदू नाही ना, याची तपासणी.
५. आधी पक्कं निदान झालं नसेल तर बाळाच्या रक्ताचा कॅरिओटाइप.

सावधान: हिरवी उलटी झाली तर दूध थांबवा आणि तत्काळ डॉक्टरांना बोलवा. पहिल्या २४ तासांत काळी शी झाली नाही, तर तेही सांगा. "होईल उद्या" म्हणू नका.

मध चाटवणं, गुटी, घुटीची बाटली यातलं काही नको. मालिश करणाऱ्या बाईंना निक्षून सांगा: या बाळाचे स्नायू सैल असतात, मान सैल असते. एक हात कायम मानेखाली हवा, सांधे ओढायचे नाहीत, उलटं धरून झटकायचं नाही. डिसेंबर-जानेवारीतलं बाळंतपण असेल तर निफाडकडची थंडी आपल्याला ठाऊक आहे. टोपी, मोजे आणि आईच्या अंगाची ऊब द्या. कोंडलेल्या खोलीत शेगडी आणि धुरी नको, फुप्फुसं नाजूक असतात.

## टप्पा ९: दूध पाजणं

"अशा बाळाला ओढता येत नाही, पावडरचं दूध सुरू करा" हा सल्ला घाईने दिला जातो. अंगावरचं दूध बहुतेकांना जमतं, फक्त वेळ लागतो.

बाळाला आडवं न धरता जरा उभट धरा, डोकं पोटापेक्षा वर. ज्या हाताने स्तनाला खालून आधार दिला आहे त्याचीच तर्जनी आणि अंगठा पुढे आणून इंग्रजी यू अक्षरासारखा आकार करा आणि त्या खोबणीत बाळाची हनुवटी टेकवा. दोन्ही बोटं गालांना हलकेच आधार देतात. जबडा असा स्थिर झाला की जीभ बाहेर घसरत नाही आणि ओढ लागते. मध्येच झोपलं तर तळपायाला गुदगुल्या करा, कपडे थोडे सैल करा. या बाळांची झोप जड असते, ती भुकेने रडतीलच असं नाही, म्हणून दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा.

तरीही पोट भरत नसेल तर दूध हाताने काढून वाटी-चमच्याने द्या, सोबत छातीला लावणं चालू ठेवा. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा.

तपासा: पिताना कपाळावर घाम येतो, दोन घोट घेऊन धाप लागते, वजन वाढत नाही. ही हृदयावर ताण आल्याची लक्षणं आहेत. याला 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक देऊ नका, बालहृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

## टप्पा १०: पहिल्या वर्षातली थेरपी आणि कागद

जन्माची नोंद २१ दिवसांत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करून घ्या. बारसं नंतर झालं तरी चालेल, नावाचा रकाना पुढे भरता येतो.

थेरपी सुरू करायला बाळ 'मागे पडण्याची' वाट बघू नका. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच फिजिओथेरपिस्टकडून पोटावर झोपवणं, मान धरायला मदत करणं हे शिकून घ्या. क्लिनिकमधल्या अर्ध्या तासापेक्षा घरी दिवसातून चार-पाच वेळा केलेला तोच व्यायाम जास्त उपयोगी पडतो. ही मुलं बसतात, चालतात, बोलतात, उशिरा. बरीचशी दोन वर्षांच्या आसपास चालायला लागतात, काही त्याआधी, काही बरीच नंतर. शेजारच्या बाळाशी तुलना करून थेरपी सोडून देणारे पालक सर्वांत जास्त नुकसान करतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे आणि जिल्हा पातळीवर त्यासाठी डीईआयसी हे लहान मुलांच्या लवकर तपासणीचं आणि थेरपीचं केंद्र असतं. सिव्हिलमध्ये त्याच नावाने चौकशी करा किंवा अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला बाळ दाखवा, ते चिठ्ठी देतात. मोठ्या मुलांच्या आयांना भेटायचं असेल तर रजनीताई लिमये यांनी उभी केलेली प्रबोधिनी विद्यामंदिर ही शाळा नाशिकमध्येच आहे. मूल लहान असतानाच एकदा जाऊन या.

लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे, एकही डोस न चुकवता. न्यूमोकोकल आणि फ्लूच्या लसीबद्दल मुद्दाम विचारा, कारण या मुलांना छातीचा संसर्ग पटकन होतो.

कागदांचा क्रम असा. आधी कॅरिओटाइपचा रिपोर्ट, जन्मदाखला आणि बाळाचं आधार. मग यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, आणि दिलेल्या तारखेला सरकारी रुग्णालयात तपासणी. लहान वयात मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं, मुदत संपायच्या आधी पुन्हा तपासणीला जावं लागतं. ती तारीख फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. प्रमाणपत्र हातात आल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेत नाव घाला. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, थेरपी आणि बाह्यरुग्ण तपासण्याही त्यात येतात, आणि आधीपासूनचा आजार म्हणून नकार मिळत नाही. नूतनीकरण वेळेत करायचं असतं. बऱ्याच जणांचा विमा केवळ ते विसरल्यामुळे बंद पडलेला असतो.

पुढच्या बाळाचा विचार सुरू होण्याआधी टप्पा ३ मधला कॅरिओटाइप घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जा. गर्भ राहिल्यावर गेलात तर आईवडिलांच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत सुरुवातीचे आठवडे निघून जातात.